हलीमाबीच्या घराचे माप

मित्रांनो, कातड्याच्या गोल डबीत गुंडाळून राहणारी, तीस मीटर लांबीची मी एक जुनी मोजफीत आहे. सगळे मला टेपच म्हणत. म्हातारपणी जो तो आपले कौतुक सांगतो. माझेही पुष्कळ झाले. पण ते आठवले की आता मला लाज वाटते. का, ते ऐका.

सुती कापडात तांब्याच्या बारीक तारा विणून मला घडवले. त्यावर पिवळा रंग चढवला, काळे-तांबडे आकडे उमटवले आणि डबीला पितळेची मूठ बसवली. मूठ फिरवली की मी सुरसुर करत आत शिरे. अमरावतीत शहरांचा आणि गरिबांच्या घरांचा अभ्यास करणारी एक संस्था होती, तिथे मी आले. संस्थेच्या आवारात राखेच्या विटांची नमुन्याची घरे उभी राहिली, त्यांच्या पायाची आखणी माझ्याच मापाने झाली. वरूडच्या गल्ल्या मी मोजल्या, परतवाड्याच्या बाजारामागची वस्ती मोजली. संस्थेतले शिपाई नत्थुजी माझे टोक धरत. चिखल लागला तर धोतराच्या सोग्याने पुसून मला सावलीत वाळवत. मोठे साहेब पाहुण्यांना सांगत, "आमची टेप सुताचाही फरक पडू देत नाही." मी डबीतल्या डबीत फुगून जाई.

मग ती वर्षे आली. कपाशीने सारखा दगा दिला, शेतात मजुरी उरली नाही, आणि गावे उठून शहराच्या कडेला येऊ लागली. अकोल्यात मोर्णा नदीच्या काठची एक वस्ती अशीच वाढत गेली. ती हलवून लोकांना पक्की घरे द्यायचे सरकारने ठरवले. नियम एकच होता, एका कुटुंबाला एक घर; वेगळी चूल म्हणजे वेगळे कुटुंब. यादी करायचे काम आमच्या संस्थेकडे आले.

त्या वस्तीत हलीमाबी नावाची बाई राहत असे. मातीच्या भिंती, वर पत्रा, आत एकच लांब खोली. मधोमध गोणपाटाचा पडदा. अलीकडे थोरला मुलगा शफी आणि त्याचे बिऱ्हाड, पलीकडे भातकुलीकडून मजुरी सुटून आलेला धाकटा नईम, त्याची बायको अनीसा आणि तीन मुले. दोन चुली, दोन माठ.

आम्ही गेलो त्या सकाळी संस्थेतल्या तरुण अभ्यासक रागिणीताई शेजारच्या घरी माहिती लिहीत होत्या. नत्थुजी मला घेऊन पुढे आले, तर हलीमाबीची एकच धांदल.

"अवं अनीसा, काढ तो परदा! पावण्याइले बसाले जागा नको का?"

"अम्मी, अन् माही चूल?"

"ने बाहीर! घर कसं मोकयं दिसलं पाह्यजे."

नत्थुजी हसले. "बुढे, मोजाले आलो आमी, सोयरीक कराले नाई."

"सोयरीक करतो म्हनशीन तरी कोन देते तुले पोरगी!"

सगळे हसले. पडदा घडी होऊन कोपऱ्यात गेला. रागिणीताई आल्या, तेव्हा खोली लख्ख मोकळी होती आणि चहा तयार होता.

"आजी, कुटुंब एकच ना तुमचं?"

"एकच व बाई! माहे पोरं का वायले निंगाले? अल्ला करो, कदी न निंगो."

अनीसाने तोंड उघडले. सासूने तिच्याकडे पाहिले. अनीसाने कपबशा उचलल्या आणि ती बाहेर गेली.

मग मला ताणले. समोरासमोरच्या भिंतींवर पडद्याच्या दोरीचे दोन खिळे होते, त्यांच्या खालून मी गेले. नुकत्याच उचललेल्या चुलीची जमीन अजून गरम होती, ती ऊब माझ्या अंगाला लागली. लांबी साडेपाच मीटर, रुंदी सव्वातीन. आकडा अगदी नेमका आला. आणि मी खूश झाले. मित्रांनो, हीच माझी लाज.

यादी लागली. शफीच्या नावाने एक घर निघाले. नईमचे नाव कुठेच नव्हते. चार दिवसांनी सासू-सून अमरावतीच्या कचेरीत आल्या. हलीमाबी रागिणीताईंसमोर खाली बसली.

"दोनी पोरं वायले जेवतात, बाई. दीड साल झालं. पन घरातली फूट परक्याले कशी सांगू? म्या झाकली."

रागिणीताईंचा चेहरा उतरला. नत्थुजी पुटपुटले, "परदा काढताना म्या पाह्यलं होतं, ताई. ध्यानातच नाई आलं सांगाचं." ताई त्या दोघींना घेऊन साहेबांकडे गेल्या. साहेबांनी नकाशा उघडला आणि साक्षीला बोलवावे तसे मला टेबलावर ठेवले.

"एक खोली, आत आडभिंत नाही. आमची टेप कधी चुकत नाही. आणि यादी आता वर गेली."

अनीसा पुढे आली. ती माझ्याकडे बघून म्हणाली, "टेपनं भिंती मोजल्या, साहेब. आमाले कोनं मोजलं?"

साहेबांनी नकाशाची घडी घातली. मला वाटले, डबीत शिरून परत कधी बाहेर येऊच नये.

रागिणीताईंनी पुष्कळ अर्ज केले, पण यादी बदलली नाही. वस्ती मोडली. शफी नव्या घरात गेला. हलीमाबी गेली नाही. "माह्याच तोंडानं गेलं त्याचं घर," म्हणत ती नईमने रस्त्याकडेला ठोकलेल्या पालात राहिली.

पुढे ताई कुठल्याही दारात आधी विचारत, "चुली किती?" आणि सुनांशी वेगळे बसून बोलत. त्याचा अनीसाला काही उपयोग झाला नाही. काही वर्षांनी प्रकाशाच्या ठिपक्याने मोजणारे यंत्र आले आणि मी कपाटात गेले.

मित्रांनो, माझ्यासारख्या म्हाताऱ्या वस्तू आपली निगा राखा म्हणून विनवतात. मी तसे म्हणणार नाही. उद्या तुमच्यातले कोणी घरे बांधील, कोणी याद्या करील. लोक पाहुण्यासाठी घर आवरतात आणि दुःख झाकतात, हे लक्षात ठेवा. दारात जरा बसा, चहा घ्या. घरात सगळ्यांत कमी बोलणारी बाई कोण ते बघा, आणि ती बोलल्याशिवाय मला डबीतून काढू नका.