वहिनींचा कॅमेरा आणि भाऊजींचे प्रश्न

कॅमेरा घ्यायचाय म्हटलं की ज्याने जन्मात कधी कॅमेरा हातात धरला नाही, तोही सल्ला द्यायला बाह्या सरसावून पुढे येतो. वहिनींनी नुसतं तोंडातून काढायचा अवकाश, औषधाच्या दुकानातला माणूस गोळ्यांची पाकिटं बाजूला सारून म्हणाला, मोठाच घ्या, छोट्यात काही राम नाही. शेजारचे मास्तर म्हणाले छोटा घ्या, कारण मोठा त्यांच्या कपाटात बुरशी खात पडला होता. लॉन्ड्रीतल्या घडीवाल्या मावशींच्या मते हातात फोन असताना कॅमेरा म्हणजे नसती थेरं. नवरा म्हणाला, "घे की," आणि पुन्हा पेपरात डोकं घातलं. काय घ्यायचंय ते त्याला ऐकूच गेलं नव्हतं.

वहिनी हॉस्पिटलच्या लॉन्ड्रीत इस्त्रीवर होत्या. घरी त्यांना सगळे वहिनी म्हणत, तेच नाव कामावर गेलं आणि वयाने मोठी माणसंसुद्धा त्यांना वहिनीच म्हणू लागली. घरात त्यांचं स्वतःचं म्हणावं असं फारसं काही नव्हतं. शाल नणंदेकडे गेली होती, फोन सासूबाईंच्या हातात असायचा, आणि चष्म्याचं घर तेवढं वहिनींचं म्हणावं तर त्यात सासूबाई सुया ठेवत. वहिनी कधी कुरकुरल्या नाहीत. पण एक गोष्ट त्यांनी पोटात ठेवली होती, आणि कॅमेरा त्या गोष्टीसाठीच हवा होता.

इस्त्रीच्या खोलीच्या मागच्या खिडकीतून बंद पडलेल्या भट्टीचं जुनं धुराडं दिसे. धुराड्याला एका जागी विटा निखळून भोक पडलं होतं. तिकडून फुस्स असा आवाज यायचा, आणि सगळ्यांना वाटायचं की वाफेचा पाइप गळतोय. वहिनींनासुद्धा तसंच वाटलं होतं. त्यांनी खिडकीबाहेरच्या पाइपाला निळ्या चौकड्यांची एक चिंधी आवळून बांधली, तरी फुसफुस चालूच. मग एका संध्याकाळी त्या भोकातून पत्त्यातल्या बदामासारखा एक पांढरा चेहरा बाहेर आला आणि त्याने वहिनींकडे टक लावून पाहिलं. घुबड होतं. आत पिल्लं होती, आणि फुसफुस त्यांची होती.

वहिनींनी कुणाला ताकास तूर लागू दिली नाही. सुपरवायझरला कळलं असतं तर हॉस्पिटलच्या स्वच्छतेच्या नावाखाली दुसऱ्या दिवशी भोक लिंपलं गेलं असतं. त्या दुसरी पाळी मागून घेऊ लागल्या. मावळतीचं ऊन धुराड्यावर पडलं की घुबड भोकाच्या काठावर येऊन बसे, आणि वहिनी हातातली इस्त्री तशीच ठेवून बघत राहत. पिल्लं मोठी होऊन उडून गेली. पुढच्या हंगामात जोडी परत आली तेव्हा वहिनींना इतका आनंद झाला की त्यांनी इस्त्रीखाली एका डॉक्टरांचा कोट जाळला. फोनने फोटो काढून पाहिले, तर घुबडाच्या जागी पिठाचा ठिपका. पिल्लं पहिल्यांदा काठावर येतील तेव्हाचा एक नीट फोटो त्यांना हवा होता. कुणाला दाखवायला नाही, आपल्याजवळ ठेवायला.

शेवटी त्यांनी भाऊजींना विचारलं.

भाऊजी म्हणजे त्यांचे धाकटे दीर. लग्नकार्यात फोटो काढायचा त्यांचा धंदा, आणि स्वभाव असा गोड की वहिनींना त्या घरात हक्काचं माणूस म्हणून तेवढेच वाटत. स्वयंपाकघरात येऊन गप्पा मारणारे तेच, आणि वहिनी जेवल्या का हे विचारणारेही तेच. इतर सगळ्यांनी वहिनींना उत्तरं दिली होती. भाऊजींनी खुर्ची ओढून घेतली आणि उलट त्यांनाच विचारलं, "काय टिपायचंय, वहिनी?"

वहिनींना एकदम बरं वाटलं. "एक पक्षी आहे. पण कुठे ते विचारू नका."

"विचारतच नाही. केवढा आहे?"

"उशीच्या अभ्र्यात मावेल एवढा."

"एका जागी बसतो की सारखा उडतो?"

"काठावर बसतो. बराच वेळ. मान तेवढी फिरवतो."

"उजेड कसा असतो?"

"मावळतीचा. ऊन माझ्या पाठीकडून येतं आणि थेट त्याच्यावर पडतं."

"वा. तुमच्या आणि त्याच्यामध्ये अंतर किती?"

वहिनींनी डोळे मिटून मोजलं. "आमची चादरींची लांब टेबलं असतात ना, तसली तीन एकापुढे एक लावली तर होईल तेवढं."

"तुम्ही खाली आणि तो वर?"

"किंचित वर. मध्ये काच आहे, पण ती उघडते. खालून एक पाइप आडवा येतो."

भाऊजी हसले. "पाइप फोटोत येणार नाही असं करू." त्यांनी कागदावर एक आकृती काढली. एका टोकाला वहिनींचा ठिपका, दुसऱ्या टोकाला पक्ष्याचा ठिपका, मध्ये रेघ. इतक्या मन लावून वहिनींचं बोलणं त्या घरात कुणी कधी ऐकलं नव्हतं. त्या खुलल्या. न विचारताच त्यांनी हेही सांगून टाकलं की आता पिल्लं आहेत आणि पंधरवड्यात ती काठावर येऊ लागतील.

कॅमेरा भाऊजींच्या ओळखीच्या दुकानातून घेतला, वापरलेला पण चांगला. लांबच्यासाठी लागते ती मोठी लेन्स मात्र तिथे नव्हती. "मागवतो," भाऊजी म्हणाले. "आली की कॅमेऱ्याला लावून तपासतो आणि मगच तुमच्या हातात देतो. वापरलेल्या मालाचा भरवसा नसतो." वहिनींनी कॅमेरा त्यांच्याचकडे ठेवला. रोज संध्याकाळी खिडकीशी उभ्या राहून त्या भोकाकडे बघत आणि मनातल्या मनात पिल्लांना सांगत, थोडं थांबा, लेन्स येतेय.

तीन आठवडे गेले तरी लेन्स आली नाही. मग एका रविवारी सगळे जेवायला बसले असताना भाऊजींनी फोन पुढे केला. फोटोच्या मोठ्या स्पर्धेत त्यांना पहिलं बक्षीस मिळालं होतं. फोन सासूबाईंकडून नणंदेकडे, नणंदेकडून नवऱ्याकडे गेला आणि सगळ्यात शेवटी वहिनींकडे आला. फोटोत घुबड होतं. त्याच्या पोटाशी दोन पिल्लं, भोकाच्या अगदी काठावर, एकाने चोच उघडलेली. खालच्या कोपऱ्यात पाइपाचा तुकडा होता, आणि त्यावर निळ्या चौकड्यांची चिंधी.

वहिनींचा घास हातातच राहिला.

"काय वहिनी, कसा आलाय?" भाऊजींनी विचारलं. त्यांच्या आवाजात जराही चोरी नव्हती.

"पाइप आला," वहिनी म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी कामावर गेल्या तर घडीवाल्या मावशी म्हणाल्या, "तुमचे दीर फार गोड माणूस हो. तुमची सुट्टी होती त्या दिवशी आले होते. वहिनींचा दीर म्हटल्यावर आम्ही कशाला अडवतोय? चहा पाजला. दोन तास तुमच्या खिडकीत उभे होते बिचारे." मावशी इतक्या कौतुकाने सांगत होत्या की वहिनींना त्यांच्यावर रागावताही येईना. आपलं नाव सांगून, आपल्याच खिडकीत, आपल्याच जागेवर उभं राहून. वहिनी इस्त्रीवर वाकल्या आणि पाळी संपेपर्यंत त्यांनी मान वर केली नाही. गळा केसाने कापला की रक्त येत नाही म्हणून तो कापलाच नाही असं थोडंच असतं.

त्या आठवड्यात फोटो पेपरात आला. भाऊजींनी जागेचं नाव कुणाला सांगितलं नव्हतं, पण धुराडं सांगायला समर्थ होतं. आधी हौशी माणसं आली, मग शाळकरी मुलं, मग एक जण शिडी घेऊन आला. हॉस्पिटलच्या भिंतीशी गर्दी जमू लागली, दिवे चमकू लागले. मोठी घुबडं एका संध्याकाळी उडाली ती परत आलीच नाहीत. सुपरवायझरला वरून फोन आला. प्राणी पकडणारी माणसं येऊन पिल्लांना पुठ्ठ्याच्या खोक्यातून घेऊन गेली, कुठे ते कुणी सांगेना, आणि गवंड्याने नव्या विटा लावून भोक बंद केलं. वहिनी खिडकीतून बघत होत्या. गवंडी चांगला होता, काम सफाईने करत होता.

रविवारी भाऊजी कॅमेरा आणि लेन्स घेऊन आले. नव्या कोऱ्या पिशवीत, पट्टा वगैरे लावून. वहिनी पहिल्यांदाच त्यांच्यासमोर बसल्या नाहीत, उभ्याच राहिल्या.

"तो फोटो ह्याच लेन्सने काढलात?"

"तपासायची तर होतीच," भाऊजी म्हणाले. "म्हटलं, तुमच्याच अंतरावर तपासू. नाहीतर तुम्हाला चुकीची गळ्यात पडायची."

"मी म्हटलं होतं, कुठे ते विचारू नका."

"मग मी विचारलं का?"

भाऊजींनी खरंच विचारलं नव्हतं. उन्हाची दिशा, टेबलांची लांबी, काच, पाइप हे सगळं वहिनींनीच स्वतःच्या तोंडाने सांगितलं होतं, आणि सांगताना मजा वाटली होती.

"कुठे असं सरळ विचारलं असतंत," त्या सावकाश म्हणाल्या, "तर मी खोटं सांगितलं असतं. तुम्हाला ते माहीत होतं."

भाऊजींचा चेहरा जरा उतरला. मग ते समजुतीच्या सुरात म्हणाले, "वहिनी, पक्षी काय कुणाच्या मालकीचा असतो? अन् मी सल्ला चुकीचा दिला का? दुसऱ्या कुणी तुम्हाला काहीतरी भिकार गळ्यात मारलं असतं."

"अगं, बक्षीस घरातच राहिलं ना," नवरा पेपराआडून म्हणाला. सासूबाई म्हणाल्या की एवढ्याशा घुबडावरून घरात तोंडं पाडून बसू नये, आधीच ते अशुभ. एवढं बोलून त्यांनी चष्म्याच्या घरातून सुई काढली. वहिनी स्वयंपाकघरात गेल्या आणि नळ मोठा सोडून रडल्या. त्यांना बक्षीस नको होतं. पेपरात नावही नको होतं. एकच माणूस आपलं ऐकून घेतं असं त्या इतकी वर्षं धरून चालल्या होत्या, आणि ते माणूस खरोखरच सगळं ऐकत होतं. एक शब्द त्याने खाली पडू दिला नव्हता.

दुसऱ्या दिवशी त्या कॅमेरा घेऊन कामावर गेल्या. का, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. मावळतीचं ऊन धुराड्यावर आल्यावर खिडकी उघडली आणि डोळा लावला. नव्या विटांचा तुकडा चौकटीत अस्सा बसला की चारी बाजूंना बोटभर जागा उरली. ना कमी, ना जास्त. गवंड्याच्या थापीची रेघ न् रेघ दिसत होती. चादरींच्या तीन टेबलांचं अंतर, भाऊजींनी लेन्स त्यालाच मोजून दिलेली. वहिनींनी तो एक फोटो काढला.

त्यानंतरच्या रविवारी भाऊजी आल्या आल्या स्वयंपाकघरात शिरले, नेहमीसारखे. झालं गेलं त्यांच्या लेखी संपलं होतं. "बघू, काय काढलंत?" म्हणून त्यांनी कॅमेरा उचलला. पडद्यावर विटा आल्या. सवयीने त्यांनी फोटो मोठा करून कडा पाहिल्या.

"एकदम स्वच्छ आलाय," ते म्हणाले. मग त्या विटा कसल्या ते त्यांच्या ध्यानात आलं असावं. त्यांनी कॅमेरा हळूच ओट्यावर ठेवला. मग त्यांनी खुर्ची ओढून घेतली आणि त्याच जुन्या, जिव्हाळ्याच्या आवाजात विचारलं, "आता पुढे काय टिपायचंय, वहिनी?"

त्या आठवड्यात हॉस्पिटलच्या पाण्याच्या टाकीमागून वहिनींना पुन्हा ती फुसफुस ऐकू आली होती. अजून खात्री नव्हती, पण कान फसत नव्हते. आनंद पोटात मावेनासा झाला होता, आणि सांगायला जगात एकच माणूस होतं.

"विशेष काही नाही," वहिनी म्हणाल्या. "घरातल्यांचेच काढीन म्हणते. तुमच्यापासून सुरुवात करते."

भाऊजी खूश झाले. त्यांनी केसांवरून हात फिरवला आणि ताठ बसले. वहिनींनी कॅमेरा डोळ्याला लावला. समोर नुसता धुरकट गोळा दिसत होता, त्यात नाक कुठलं आणि डोळे कुठले ते कळेना.

"एवढ्या जवळचं ह्या लेन्सला दिसत नाही," भाऊजी म्हणाले. "मागे सरा, वहिनी. अजून मागे."

वहिनी मागे सरल्या. ओट्यापासून फळीपर्यंत, फळीपासून दारापर्यंत, कॅमेरा तसाच डोळ्याला लावून. सल्ला याही वेळी बरोबर होता. उंबरठा ओलांडून त्या बाहेर गेल्या, तेव्हा कुठे भाऊजींचा चेहरा स्वच्छ दिसला.