ठमाबाईच्या पोपटीचं मडकं

मित्रांनो, मी माठ. जुना, काळा पडलेला, काठाचा टवका उडालेला. कासू गावात कमळाकर आणि ठमाबाई म्हणून म्हातारा-म्हातारी राहतात, त्यांच्या मागच्या पडवीत पालथा पडून असतो. बसा जरा, माझं थोडंसं सांगतो. फार लांबवत नाही, मलाही आता दम नाही.

माझा जन्म पेणचा. पेण म्हटलं की तुम्हाला गणपती आठवतात, पण तिथल्या कुंभारांच्या हातून आम्हीही घडलो. चाकावर गरगरलो, थापटणीचे फटके खाल्ले, भट्टीत भाजलो. मग बाजारात ठमाबाई आली. तिनं मला टिचकी मारली, कान लावला, परत टिचकी मारली. कुंभारीण वैतागली.

"मावशी, माठ घेताय का जावई?"

"जावई गळका निघाला तरी चालवून घ्यावा लागतो गो. माठ नाय."

तेव्हा कमळाकर मिठागरावर कामाला होता. दिवसभर खाऱ्या पाण्यात उभं राहून पाय चिरलेले. घरी आला की आधी माझ्याकडे यायचा. तांब्या बुडवायचा, घटाघटा प्यायचा आणि म्हणायचा, "आता जीव आला." मित्रांनो, एवढी तारीफ मला पुरायची. त्यांच्या मुलाच्या, पुंडलिकच्या लग्नात सगळा मांडव माझंच पाणी प्यायला.

मग अंगणात नळ आला, प्लास्टिकचा पिंप आला. मी पाझरायला लागलो होतो, मला मागे टाकलं. काही दिवस माझ्यात वालाचं बियाणं होतं. नंतर एक कोंबडी अंडी उबवायला बसली, तिनं मला फार छळलं. शेवटी मी पोपटीचं मडकं झालो.

पोपटी म्हणजे काय, तर थंडीत वालाच्या शेंगा भरल्या की जुन्या मडक्यात भांबुर्ड्याचा पाला घालायचा. त्यावर शेंगा, बटाटे, अंडी, मीठ, ओवा. परत पाला कोंबून तोंड बंद करायचं, मडकं पालथं घालायचं आणि भोवती जाळ करायचा. आत पाण्याचा थेंब नाही. ज्यानं जन्मभर पाणी गार केलं त्याला म्हातारपणी कोरडाच जाळात घालतात. चालायचंच.

अशाच एका थंडीत शनिवारी सकाळी पुंडलिक आपल्या दोन्ही पोरांना घेऊन आला. तो रोह्याला राहायचा, कंपनीत शिफ्ट करायचा. त्याच्या सासरी लग्न होतं. विशालचं दहावीचं वर्ष, अभ्यास बुडेल म्हणून त्याला इथं ठेवायचं होतं. भूमिका आठवीत, तिला लग्नातल्या आत्या-मावश्या गाल ओढतात म्हणून यायचं नव्हतं.

पुंडलिक दारातच बोलला, "आये, तुमच्यानं आता होत नाय, मला दिसतंय. पोरं दोन दिवस तुमच्याकडं ठेवून बघू. नाय झेपलं तर शिमगा झाला की घराला कुलूप, आणि दोघं रोह्याला."

"आन झेपलं तर?"

"तर मी परत तोंड उघडणार नाय."

ठमाबाईला घर सोडायचं नव्हतं. रोह्याच्या खोलीत दाराबाहेर जिना होता. कोंबड्या नव्हत्या, वाल नव्हते, हाक मारली तर ओ द्यायला शेजारची पुतळी नव्हती. तिनं पदर खोचला.

झेपणं म्हणजे सगळं आपणच करणं, असं तिनं ठरवून टाकलं. पोरांनी बापाला जाऊन सांगितलं की आजीनं आम्हाला कामाला लावलं, तर? म्हणून तिनं त्यांना ताटसुद्धा उचलू दिलं नाही. भूमिकाला भाकरी नको, चपाती हवी. विशालला अंघोळीला पाणी कडकडीत हवं. ठमाबाई चुलीपाशी, नळापाशी, परत चुलीपाशी. भूमिका कळशी घ्यायला आली की "ठेव ती, अभ्यास कर जा."

विशाल म्हणाला, "आजोबा, पुतळीआजीकडे मॅच बघायला जाऊ?"

"आन अभ्यास?"

"मॅच संपल्यावर."

"तुमची मॅच पाच पाच दिवस चालते रे!"

"ही एका दिवसाची आहे, आजोबा."

पोरं पळालीसुद्धा. कमळाकर गुडघे चोळत खाली बसला. "मिठागरावर भरतीचं पाणी अडवलं. ह्यांना अडवणं नाय जमत गो."

रविवारी दुपार कलल्यावर पोपटी लावायची ठरली. संध्याकाळच्या गाडीनं पुंडलिक येणार होता, त्याला गरम गरम वाढायची होती. कमळाकर शेतावरून शेंगा आणि पाला घेऊन आला आणि पडवीत आडवा झाला तो घोरायलाच लागला. पोरं पुतळीकडे.

पोपटी शेतात लावतात, मित्रांनो, मोकळ्यावर. पण ठमाबाईच्या पायात तेवढं चालायचं त्राणच उरलं नव्हतं. तिनं मला परसातच पालथा घातला. चार हातांवर पेंढ्याची उडवी होती. जाळ लावून ती काठी घेऊन बाजूला बसली. शनिवार सकाळपासून पहिल्यांदाच बसली होती. बसली आणि तिची मान खाली गेली.

वारा खाडीकडून सुटला. जाळ माझ्यावरून घसरून पेंढ्याकडे निघाला. खाली सांडलेल्या काड्या पेटत पेटत पुढे चालल्या. मी बघत होतो. मला तोंड आहे, पण ते पाल्यानं कोंबलेलं, जमिनीला टेकलेलं. आणि मोकळं असतं तरी काय ओरडणार होतो?

धूर पोरांना दिसला. विशाल धावत आला, त्यानं ओल्या गोणपाटानं काड्या झोडपल्या. भूमिकानं नळाखालची बादली उचलून पेंढ्यावर ओतली, रिकामी करून परत भरून आणली. उडवीचा एक कोपरा काळा झाला, तेवढाच. मग विशालनं माझ्या पाठीवर पाणी शिंपडलं. चर्र झालं.

"झाली वाटतं पोपटी. आजीला उठवू?"

"नको," भूमिका म्हणाली. "झोपू दे रे. बघ ना तिच्याकडे."

नेमका तेव्हाच पुंडलिक आला. त्यानं काळा पेंढा बघितला, झोपलेली आई बघितली. "आये!"

ठमाबाई दचकून उठली. "जागी हाय मी! डोळे मिटून बसले होते."

"आजी, तू घोरत होतीस," भूमिका म्हणाली.

कमळाकर पडवीतून डोळे चोळत आला. "ती जागेपणीपण घोरते."

कुणी हसलं नाही. पुंडलिक म्हणाला, "घर पेटलं असतं. आता तरी पटलं?"

ठमाबाईनं काठी खाली ठेवली. "व्हय, झोपले. दमले मी, पुंडलिक. पण तुझ्या खोलीत मी दमणार नाय का? तिथंपण पहाटे उठून तुझा डबा मीच भरीन. दमायला कासूच लागतं असं नाय रे."

विशाल म्हणाला, "बाबा, तुम्ही दारात बोललात ते मी ऐकलंय. तुम्ही तिची परीक्षा घेतलीत, म्हणून तिनं आम्हाला कशाला हात लावू दिला नाही. आणि मीपण मॅच बघत बसलो."

पुंडलिकनं बाही वर करून ओल्या गोणपाटानं मला जाळातून ओढलं, पाला काढला, केळीच्या पानावर शेंगा ओतल्या. ठमाबाई मीठ आणायला उठत होती. त्यानं तिच्या खांद्यावर हात ठेवला. "बस तू. कुठं ठेवलंय ते सांग."

ती बसली. भूमिकानं शेंगा सोलून तिच्या हातावर दाणे ठेवले. कुठं बघावं ते ठमाबाईला कळेना, इतकी ती अवघडली होती. शिमगा आला आणि गेला. घराला कुलूप लागलं नाही. महिन्यातून दोनदा पोरं यायला लागली. ती आली की कुरकुरत का होईना, पाणी भरतात.

मला त्या दिवशी जास्त जाळ लागला, पाठीला तडा गेला. आता मला कुणी पोपटीलाही घेत नाही.

मित्रांनो, तुमच्याही घरी कुणीतरी दिवसभर उभं असेल. मदत करू का, असं त्यांना विचारू नका. विचारलं की ती माणसं नाही म्हणतात. हातातली कळशी सरळ काढून घ्या.