कात्री जिथे थबकली

प्रयोगशाळेत तिला सगळे खारूताई म्हणत, कारण एका यंत्राकडून दुसऱ्याकडे ती सारखी तुरुतुरु पळत असे. त्या आठवड्यात मात्र खारूताई एकाच टेबलाशी अडकली होती. दुग्धशाळेमागच्या नाल्यातून तिनं एक नवा विषाणू शोधला होता, जिवाणूंवर जगणारा. त्याचा डीएनए काही केल्या कापला जात नव्हता.

कापायचा कशाला? तर ओळख पटवायला. जिवाणूंकडे कात्रीचं काम करणारी एन्झाइमं असतात. डीएनएचा धागा म्हणजे चार रासायनिक अक्षरांचा लांबलचक मजकूर; त्यात ठरावीक अक्षरं ओळीनं दिसली की तिथं कापायचं, एवढंच त्यांना ठाऊक. घरात शिरलेल्या विषाणूचे तुकडे करायला जिवाणूनं बाळगलेलं हे हत्यार. माणसानं ते उसनं आणलं. तुकडे ‘जेल’ म्हणतात त्या लिबलिबीत पारदर्शक थरातून विजेच्या जोरावर पळवले की लहानगे पुढे जातात, थोराड मागे राहतात आणि ज्याच्या त्याच्या ओळखीच्या पट्ट्या उमटतात.

खारूताईच्या जेलवर मात्र वरच्या टोकाला एकच जाड पट्टी, ढिम्म बसलेली.

“याच्या डीएनएची अक्षरं यंत्रावर वाचून आली आहेत. त्यांच्या हिशेबानं डझनभर ठिकाणी कापायला हवं,” विभागप्रमुख बाई म्हणाल्या. “नमुन्यातच घाण आहे तुझ्या. त्यात कात्री चालेल कशी? शुक्रवारी फ्रीजर रिकामा करायचाय. तोवर जमलं नाही तर टाकून दे हा विषाणू, आणि मागे राहिलेलं दुसऱ्या कुणाचं तरी काम उचल.”

संध्याकाळी ती घरी आली ती बॅग खुर्चीत टाकून तशीच बसून राहिली. थोरली बहीण भांडी पुसत होती.

“काय गं, कुणी मारलं?”

“ताई, नमुना पुन्हा धुतला. पुन्हा तेच.”

“बाई बाई! किती धुशील? मळलाय हे ठरवलं कुणी?”

“बाईंनी.”

“आणि तू काय ठरवलंस?”

खारूताईच्या ध्यानात आलं. मळ आहे हे सगळेच धरून चालले होते, तीसुद्धा. तपासलं कुणीच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तिनं विषाणूच्या डीएनएच्या नळीतच दुसरा एक, हमखास कापला जाणारा डीएनए मिसळला. वर तीच कात्री. घाण असेल तर दोघंही अखंड राहतील. तिनं जेल दिव्याखाली धरली. पाहुण्या डीएनएचे तुकडे झाले होते, शिडीच्या पायऱ्यांसारखे. विषाणूची पट्टी मात्र होती तिथंच, केसालाही धक्का न लागलेली.

म्हणजे कात्री धारदार होती. नळीतलं पाणीही निर्मळ होतं.

मग तिनं विषाणूच्या धाग्याच्या एका भागाच्या प्रती काढल्या. अक्षरं तीच, क्रमही तोच, फक्त प्रयोगशाळेत विकत आणलेल्या, बाटलीतल्या साध्या अक्षरांनी लिहिलेल्या. शुक्रवारी सकाळी मूळ धागा आणि प्रत शेजारी शेजारी जेलमध्ये घालून तिनं बाईंना हाक मारली. अंधाऱ्या खोलीत दोघी दिव्याखालच्या जेलवर वाकल्या.

प्रतीचे तुकडे झाले होते. मूळ अखंड.

“तीच अक्षरं?” बाईंचा आवाज एकदम खाली आला.

“तीच. पण मूळ अक्षरांवर काहीतरी चढवलंय, बाई. एखादा साखरेचा कण, नाहीतर आणखी काही. वाचताना अक्षर तेच वाटतं, पण कात्रीचा हात तिथं पोहोचत नाही. प्रत काढली की तो साज उतरतो.”

बाई स्टुलावर बसल्या. डोळ्यांना दिसतसुद्धा नाही असला जीव. ना मेंदू, ना हात. त्याच्या वंशावर कात्री चालून आली, तर त्यानं अक्षर न् अक्षर पांघरुणात घेतलं, आणि अर्थाला ओरखडासुद्धा येऊ दिला नाही! घडवणाऱ्याची ही करणी बघून आपण फक्त हात जोडावेत. दुसरं हातात आहे काय?

“मी घाण म्हणत होते याला,” बाई पुटपुटल्या. मग उठून त्यांनी फ्रीजर उघडला, वरच्या कप्प्यातले आपलेच जुने डबे खाली काढले आणि तिथं विषाणूला जागा केली.

“साज कसला आहे, शोधून काढ.”

“किती वेळ लागेल सांगता येत नाही, बाई.”

“मी विचारलंय का?”