पालिकेने लक्ष द्यावे

बातमी दोनशे दहा शब्दांची होती आणि तिच्यातलं एकच वाक्य तपासलेलं नव्हतं.

बाकी सगळं शुभा देवस्थळीने नेहमीसारखं तपासलं होतं. भिंतीची लांबी आधी पावलांनी आणि मग टेप लावून: एकशे बासष्ट फूट. ठिकाण: कांजूरमार्ग पश्चिम, एलबीएस रोडवरून आत वळल्यावर बंद पडलेल्या बल्बच्या कारखान्याची मागची भिंत, समोर बैठी चाळ. भिंतीवर काळ्या ऑइलपेंटने साडेतीन-साडेतीन फुटांची मुळाक्षरं, क पासून व पर्यंत. एकूण छत्तीसपैकी एकोणतीस. लिहिणारी त्याच चाळीतली तेजल ओव्हाळ, वय सव्वीस, घाटकोपरच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये रिपोर्ट देण्याच्या काउंटरवर नोकरी. दर रविवारी एक अक्षर. परवानगी कुणाची नाही.

शुभा बावीस वर्षं उपनगरांच्या पुरवणीसाठी लिहीत होती. पाणी, कचरा, खड्डे, पादचारी पूल. भिंती हा तिचा स्वतःचा नाद. घाटकोपरला मेट्रोच्या खांबावर कुणी काय काढलंय, मुलुंडच्या नाल्याच्या कठड्यावर एकच सही किती ठिकाणी आहे, याची ती डायरीत नोंद ठेवायची: तारीख, जागा, कधी पुसलं. शेवटचा रकाना बहुतेक वेळा तीन महिन्यांच्या आत भरायचा. त्या नोंदींतून आजवर तिने एकही बातमी केली नव्हती. ही पहिली.

ती केली कारण ही अक्षरं वेगळी होती. ल ची वाटी पोटाशी जड आणि टोकाला निमुळती. भ चं वळण एका दमात घेतलेलं, मध्ये ब्रश उचलल्याची खूण नाही. हा हात तेजलचा असला तरी वळण तिच्या वडिलांचं होतं. धोंडिराम ओव्हाळ बार्शीकडून सत्त्याऐंशी साली मुंबईत आले आणि भांडुप ते विक्रोळी दुकानांच्या पाट्या, जयंतीच्या कमानी, निवडणुकीच्या भिंती रंगवत राहिले. फ्लेक्स आल्यावर काम गेलं. आता काचबिंदूने नजर बाजूंनी मिटत चालली होती. समोरचं तेवढं दिसायचं, नळीतून पाहिल्यासारखं. डॉक्टरांनी वर्ष सांगितलं होतं. त्याच्या आत छत्तीसच्या छत्तीस अक्षरं भिंतीवर यावीत आणि पप्पांनी ती तपासावीत, एवढंच तेजलला हवं होतं. त्यांच्या हाताचं दुसरं काहीच शिल्लक नव्हतं. पाट्या भंगारात गेल्या होत्या, भिंती पुन्हा रंगल्या होत्या.

एक गोष्ट मात्र कुणालाही खटकायची. एकाही अक्षराला शिरोरेघ नव्हती. धोंडिरामांची पद्धत तशी होती: आधी सगळी अक्षरं, मग निळीत बुडवलेली सुतळी ताणून खूण आणि शेवटी सगळ्यांवरून एकच रेघ. शुभाने विचारलं तेव्हा ते म्हणाले होते, "रेघ आधी मारली बाई, की अक्षर तिला लटकतं. मागून मारली की अक्षर तिला उचलून धरतं." हे वाक्य तिने बातमीत घेतलं होतं.

पण संध्याकाळी पावणेआठला पान लावणाऱ्या शौनकचा फोन आला. "शुभाताई, तुमच्या भिंतीला चार ओळी कमी पडतायत. फोटो अजून मोठा केला तर फाटेल."

शुभा विभागाच्या बैठकीत होती. तिने फोनवरच टाइप करून पाठवलं: 'या भिंतीकडे पालिकेने लक्ष द्यावे, अशी अपेक्षा स्थानिक रहिवाशांकडून व्यक्त होत आहे.' खड्ड्याच्या, गटाराच्या, बंद दिव्याच्या बातमीखाली हे वाक्य तिने शेकडो वेळा लिहिलं होतं. बोटांना ते पाठ होतं. एकाही रहिवाशाने अशी अपेक्षा व्यक्त केली नव्हती. तिने एकालाही विचारलं नव्हतं.

बाराव्या दिवशी तेजलचा फोन आला. "मॅडम, दोन माणसं आलीत. भिंत मोजतायत."

"कशासाठी, विचारलंस का?"

"विचारलं. म्हणतात, पेपरात आलंय."

वॉर्ड ऑफिसमधले चंद्रप्रकाश नावाचे इंजिनिअर शुभाला ओळखत होते. तिच्या खड्ड्यांच्या बातम्यांना ते वैतागायचे, पण आज त्यांनी उठून खुर्ची दिली. टेबलाच्या काचेखाली तिची बातमी कापून ठेवलेली होती. शेवटच्या वाक्याखाली लाल पेनाने रेघ. इतक्या वर्षांत तुमच्या एखाद्या बातमीवर पंधरा दिवसांच्या आत काम निघालंय, हे पहिल्यांदा होतंय, असं त्यांनी सांगितलं आणि चहा मागवला. सुशोभीकरणाच्या यादीत एक भिंत कमी पडत होती. ती आता मिळाली. त्यांनी चित्रही दाखवलं: खाडी, तिवरं, एकवीस फ्लेमिंगो आणि स्वच्छतेचा एक संदेश.

शुभाने शांतपणे समजावलं, की त्या भिंतीवर जे आहे तेच सुंदर आहे आणि बातमी त्याबद्दलच होती. चंद्रप्रकाश यांनी मान डोलावली. बातमी त्यांनी वाचली होती, त्यांना आवडलीही होती. पण जागेवर जाऊन पाहिलं तर अक्षरांना डोकंच नाही. अर्धवट काम तसंच ठेवलं तर उद्या दुसरा पेपर त्याच्यावर लिहील. ते पुरं होतंय, फक्त चार-सहा रविवार हवेत, असं ती म्हणाली. त्यावर त्यांनी विचारलं, की परवानगी कुणी दिली. 

मग तिने सांगून टाकलं. "ते शेवटचं वाक्य माझं आहे. रहिवासी तसं काही म्हणाले नव्हते."

चंद्रप्रकाश हसले. तिच्यावर नाही, विनोद आवडल्यासारखे. "मॅडम, मग मी नोंद काय करू? रहिवाशांची अपेक्षा नव्हती, अशी?" थोडा वेळ विचार करून त्यांनी एक वाट काढली. रहिवाशांचं तसं पत्र आणा, पंचवीस सह्या, शुक्रवारपर्यंत. काम थांबवतो.

कार्यालयात परतल्यावर शुभाने संपादकांकडे खुलासा छापायची परवानगी मागितली. चूक नेमकी काय, असं त्यांनी विचारलं. तिने सांगितलं. ज्या वाक्याबद्दल कुणाचीही तक्रार नाही त्याचा खुलासा कसा छापायचा, असं म्हणून त्यांनी विषय संपवला.

सह्यांसाठी ती आणि तेजल चाळीत तीन संध्याकाळी फिरल्या. पहिलंच दार कमलताईंचं, भिंतीच्या अगदी समोर. त्यांनी पाणी दिलं, कागद वाचला आणि परत केला. त्यांचं म्हणणं सरळ होतं. त्या भिंतीपाशी माणसं उभी राहतात, वास घरात येतो. चित्रं आली की दिवा येईल, दिवा आला की माणसं हटतील. "आणि तेजू, रागवू नको हं. ती बोडकी अक्षरं सकाळी उठून बघायला कसंतरीच वाटतं गं. सात-आठ महिने बघतेय."

"त्यांना रेघ यायचीय काकू. शेवटी येते ती."

"मग आधीच मारायची ना."

पुढच्या घरांत कुणी फ्लेमिंगोंचा रंग विचारला, कुणी विचारलं की मुलांना फोटो काढू देतील ना. एकाने सही दिली, पण पत्र भिंतीवर चित्रं काढावीत याच्यासाठी आहे अशा समजुतीने; शुभाने समजावल्यावर त्याने ती खोडली. शुक्रवारी कागदावर पाच सह्या होत्या, त्यांतल्या दोन ओव्हाळांच्या घरातल्या. शुभाने लिहिलेलं वाक्य आता खरं झालं होतं. विचारलं असतं तर कदाचित सुरुवातीपासूनच खरं निघालं असतं, हे तिला जास्त लागलं.

काम पुढच्या बुधवारी सुरू होणार होतं. भिंतीवर तोवर स पर्यंत अक्षरं झाली होती. ह, ळ, क्ष आणि ज्ञ बाकी होती. निदान आहे त्यावर तरी रेघ मारून घेऊ, म्हणजे पाहून कुणाचं मन बदलेल, असं तेजलने सुचवलं. धोंडिराम नाही म्हणाले. अक्षरं पुरी झाल्याशिवाय रेघ नाही.

"पप्पा, भिंतच राहणार नाहीये. कुणाला कळणार आहे?"

"मला."

तेजल ब्रश धुवायला म्हणून उठली आणि बराच वेळ आत आली नाही.  शुभाला दोघांचाही राग येत होता आणि तो तिला शोभत नव्हता.

बुधवारी सकाळी नऊला कंत्राटदाराचा माणूस पांढऱ्या रंगाचे डबे आणि रोलर घेऊन आला. पन्नाशीचा, बारीक, डोक्याला टॉवेल. भिंतीपाशी प्लास्टिकच्या खुर्चीवर बसलेल्या धोंडिरामांकडे पाहून तो थांबला. "मामा, तुमी हंय कशे?"

धोंडिरामांना चेहरा दिसायला मान दोनदा वळवावी लागली. हा लवू. सावंतवाडीकडचा. भांडुपला एका निवडणुकीत त्याने महिनाभर त्यांची सुतळी धरली होती. त्यानंतर कामं मिळतील तशी तो करत गेला. आता त्याच्या हातात फक्त रोलर असायचा, चित्रं दुसरेच काढत. त्याने भिंत या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिली. अक्षरं कुणाची हे त्याला सांगावं लागलं नाही.

"माका तीनपर्यंत आख्खी भिंत पांढरी करूची आसा," तो म्हणाला. "सुपरवायझर येतलो." त्याने डबे उचलले आणि क च्या टोकाला नेले. "मी हयसून सुरू करतंय. चेडवाक म्हणा, त्या टोकाक काय ता करून घे."

मुलीला दुसऱ्या टोकाला तेवढा वेळ देणं, एवढंच तो करू शकत होता. हळू करणंही त्याला जमण्यासारखं नव्हतं, त्याच्यामागे दुसऱ्या दिवशी चित्रकार येणार होते.

तेजलने सुट्टी टाकली होती. एका अक्षराला एरवी पूर्ण रविवार जायचा. तिने आराखडा न काढता थेट ब्रशने ह लिहिला. धोंडिराम खुर्ची पुढे सरकवून प्रत्येक वळण जवळून पाहत होते. ह ची शेपटी त्यांनी मान्य केली. ळ वर दुसरा हात द्यायला लावला. तिकडे क, ख, ग गेले. दहाच्या सुमारास च गेला. शुभा पुसायच्या आधी एकेक अक्षराचा फोटो काढत भिंतीच्या मध्यावर उभी होती. डावीकडे पांढरं येत होतं, उजवीकडे काळं पुढे जात होतं. छत्तीस अक्षरं एकाच वेळी भिंतीवर आता कधीच नसणार, हा हिशोब सगळ्यांनाच कळला होता.

पावणेदोनला ज्ञ झाला. लवू न वरून रोलर फिरवून थांबला होता. म्हणजे वीस गेली, सोळा उरली.

धोंडिरामांनी ज्ञ जवळ तोंड नेलं. "गाठ ढिली आहे. परत काढ."

"पप्पा, दोन वाजत आले."

"दिसतंय मला घड्याळ."

तेजलने लवूकडे पाहिलं. लवू रोलर डब्यात ठेवून खाली बसला आणि त्याने बिडी काढली. तिने फडक्याला रॉकेल लावून गाठ पुसली, भिंत कोरडी केली आणि पुन्हा काढली. त्याला वीस मिनिटं गेली. मग लवूने उठून न मागता सुतळीचं एक टोक धरलं, दुसरं धोंडिरामांनी, आणि प पासून ज्ञ पर्यंत निळी खूण उमटली.

रेघ डावीकडून उजवीकडे जाते. ती जिथून सुरू व्हायला हवी होती तिथे आता ओला पांढरा रंग होता. तेजलने प पासून सुरुवात केली. ब्रश डब्यात बुडवायला थांबायचं, पण जिथून उचलला तिथेच पुन्हा टेकवायचा. त्यासाठी कुणीतरी डबा घेऊन तिच्या खांद्याशी चालायला हवं होतं. शुभाने मोबाइल पिशवीत टाकला आणि डबा धरला. बहात्तर फूट. म पाशी तेजलचा हात अडखळला, पण ती थांबली नाही.

रेघ ज्ञ वर संपली तेव्हा तीनला दहा कमी होते. शुभाचे दोन्ही हात काळे होते. धोंडिराम भिंतीला नाक लागेल इतके जवळ जाऊन प पासून चालत गेले. एका वेळी एक अक्षर, प्रत्येकापाशी थोडं थांबून. शेवटाला पोचल्यावर म्हणाले, "म वर जाड झालीय." मग तेजलच्या डोक्यावर हात ठेवायला गेले, तो तिच्या कानावर पडला. तेवढ्यात मोटारसायकलचा आवाज आला. लवूने रोलर उचलला.

संध्याकाळी पालिकेचं प्रसिद्धिपत्रक आलं. कामाला सुरुवात झाली असून स्थानिक रहिवाशांनी समाधान व्यक्त केल्याचं त्यात म्हटलं होतं. शौनकला पान सातपर्यंत हवं होतं. शुभाने ते वाक्य कापायचं ठरवलं, पण त्याआधी तीन घरी फोन केले. दोन घरांनी समाधान व्यक्त केलं. तिसरा फोन कमलताईंना.

"बरं झालं ना मॅडम, आता दिवा पण येईल. पण मी काय म्हणते, तेजूची ती अक्षरं पुरी झाली का हो शेवटी? मी दुपारी जरा आडवी झाले होते. उठले तर सगळं पांढरं."

"अर्धी झाली. प पासून पुढची."

"रेघेसकट?"

"रेघेसकट."

"अगंबाई. मग कशी दिसत होती? फोटो असेल ना तुमच्याकडे?"

शुभाने सांगितलं की नाही, त्या वेळी तिच्या हातात डबा होता. मग तिने फोन ठेवला आणि ते वाक्य तसंच जाऊ दिलं.