हलक्या कानाची पिन

वृद्धाश्रमाच्या वरच्या मजल्यावर बारा खोल्या, आणि प्रत्येक खाटेच्या उशाशी एक बटण. ते दाबलं की खाली आयांच्या खोलीत घंटी वाजायची. पूर्वी वाजायची, असं म्हणू. वर्षभरापूर्वी तिचं सर्किट जळालं. कंपनीचा माणूस आला, "हे मॉडेल आता येत नाही" म्हणाला आणि चहा पिऊन गेला. व्यवस्थापक साहेबांनी तोडगा काढला, की ज्याला काही लागेल त्याने हाक मारावी.

तोडगा झकास होता. फक्त सात नंबरच्या बाईंना हाक मारता येत नव्हती. घशाच्या ऑपरेशनमध्ये त्यांचा आवाज गेला होता. चाळीस वर्षं छापखान्यात प्रूफं तपासलेली बाई. जिभेची सगळी धार आता एका पाटीवर उतरली होती. एका सकाळी त्या न्हाणीघराच्या दारात पडल्या आणि दोन तास फरशीवरच होत्या. त्या मजल्याची आया, जिला सगळा आश्रम मावशी म्हणतो, ती झाडू घेऊन आत गेली तेव्हा कुठे कळलं. खाटेवर बसवल्याबरोबर बाईंनी पाटी मागितली आणि लिहिलं, "दोन तास. नोंद कर."

साहेबांनी नोंद केली ती भलतीच. ज्यांना हाक मारता येत नाही त्यांना खालच्या हॉलमध्ये हलवा. हॉलमध्ये वीस खाटा, ना पडदा ना दार, लुगडं बदलायचं तर वीस जणींच्या डोळ्यांदेखत.

"त्यापेक्षा फरशी बरी," बाईंनी लिहिलं.

मावशीचं डोकं सटकलं. माणसाचा आवाज गेला म्हणून त्याची खोलीही काढून घ्यायची? ती तडक साहेबांच्या टेबलापुढे उभी राहिली. "घंटी मी करते."

साहेब हसले नाहीत. शेजारी उभा असलेला वायरमन मात्र खदखदला. "मावशी, तुम्ही फडकं-बादली बघा. ह्याला शिक्षण लागतं."

"तुला आहे ना शिक्षण? मग वर्षभर काय अंडी उबवत होतास?"

साहेबांनी महिन्याची मुदत दिली. घंटी वाजली तर बाई वर राहतील, नाही वाजली तर खाली.

मावशी आठवी नापास. पण नापास माणसाला अक्कल नसते हे पास झालेल्यांनी ठरवलंय. तिने फोनवर व्हिडिओ लावले. मायक्रोकंट्रोलर म्हणजे बोटाच्या पेराएवढा संगणक. त्याला एकच काम शिकवायचं, मग मरेपर्यंत तो तेच करतो. त्याच्या पोटात बसवलेली ती शिकवण म्हणजे फर्मवेअर. एवढी गोष्ट सांगायला व्हिडिओतल्या माणसाने वीस मिनिटं खाल्ली. तो बसवलेला बोर्ड घ्यायला गेली तर दुकानदार म्हणाला, "मुलाच्या प्रोजेक्टला का?"

"माझ्या. का, बायकांना करंट लागत नाही?"

जावयाने अडगळीत टाकलेला लॅपटॉप तिने मागून आणला. दुपारची कामं आटोपली की दोघी सात नंबरमध्ये बसायच्या. पहिला धडा एक दिवा लुकलुकवायचा. पडद्यावर बघून मावशीने आठ ओळी एकेक अक्षर शोधत टाइप केल्या, तर लाल अक्षरांत इंग्रजी शिव्या आल्या. चार वेळा टाइप केल्या, चार वेळा शिव्या. पाचव्यांदा बाईंनी भिंग उचललं, ओळींवरून फिरवलं आणि सहाव्या ओळीच्या शेवटी नख टेकवलं. पाटीवर लिहिलं, "अर्धविराम."

"एवढ्याशा टिंबासाठी?"

"एवढ्याशा टिंबासाठीच मला पगार होता."

अर्धविराम टाकला आणि दिवा लुकलुकला. विझला, पेटला, विझला. मावशी बघतच राहिली. घरात, दारात, आश्रमात आजवर तिचं कुणी ऐकलं नव्हतं. हा ऐकत होता. तिने वेळेचा आकडा बदलून त्याला दुप्पट पळवलं, मग मुद्दाम गोगलगायीसारखं चालवलं, आणि स्वतःशीच म्हणाली, "आता बघते एकेकाला."

तीन आठवड्यांत तिने बटण जोडलं, बझर जोडला, खोलीचा नंबर दाखवणारा छोटा पडदा जोडला. टेबलावर सगळं चोख चालायचं. बटण दाबलं की घंटी, पडद्यावर नंबर.

शुक्रवारी चाचणी. बोर्ड तिने खाली आयांच्या खोलीत बसवला आणि खोल्यांतून आलेल्या जुन्या वायरी त्याच्या पिनांना, म्हणजे वायर जोडायच्या बारीक पायांना, जोडल्या. एकेक वायर चाळीस-पन्नास फुटांची, भिंतीतल्या त्याच पाइपातून ट्यूबच्या वायरींबरोबर आलेली. साहेब येऊन उभे राहिले. वायरमनने बोळातली ट्यूब लावली आणि घंटी वाजली. चार नंबर. वर जाऊन पाहिलं तर चारच्या आजोबांचे दोन्ही हात पेपरात होते. पंखा लावला, नऊ नंबर वाजला.

"नऊ तर रिकामी आहे," वायरमन चवीने म्हणाला. "भूत राहतं वाटतं."

साहेबांनी त्याच्याकडे पाहिलं, मग मावशीकडे. "हा म्हणालाच होता मला, जमणार नाही म्हणून. सोमवारी बाईंना खाली आणा."

शनिवारी मावशी वायरीचा गुंडाळा मांडीवर घेऊन बाईंसमोर बसली. डोळे कोरडे, तोंड सुरू. "मेलीला नुसतं बोट जवळ नेलं तरी वाजते. बटण दाबलं तर हिला प्लस मिळतो, ठीक आहे. पण दाबलं नाही तर ही पिन कशालाच बांधलेली नाही. अधांतरी. शेजारून ट्यूबची वायर कुजबुजली तरी हिला वाटतं आपल्यालाच बोलावलं. कुणीही काहीही सांगावं आणि हिने खरं मानावं."

बाईंनी लिहिलं, "हलक्या कानाची." मग खाली भर घातली, "साहेबांसारखी."

मावशी हसली, आणि हसता हसता विचारात पडली. हलक्या कानाच्या माणसाला काय लागतं? शेजारी एक खमकं माणूस, जे सांगेल, की मी हात धरलाय तोवर वाऱ्यावरच्या गोष्टी ऐकायच्या नाहीत. तिने जुना व्हिडिओ पुन्हा लावला. होतं की त्यात. पिनेला एका रेझिस्टरने, म्हणजे करंट अडवणाऱ्या इवल्याशा तुकड्याने, प्लसशी बांधून ठेवायचं आणि बटण मायनसला जोडायचं, म्हणजे बटण दाबेपर्यंत ती ठाम राहते. व्हिडिओतल्या माणसाने हे दहा सेकंदांत उरकलं होतं, वर "हे सगळ्यांना माहीत असतंच" म्हणाला होता. ज्यांना माहीत असतं ते तुझा व्हिडिओ कशाला बघतील रे बाबा?

दुकानातून बारा रेझिस्टर आणले. रविवारी तिने बाराही पिना बांधल्या, बटणांची टोकं प्लसवरून मायनसवर नेली, बोटाला दोन चटके खाल्ले आणि बोर्ड चालू केला. बाराही खोल्यांच्या घंट्या एकदम सुरू. चारचे आजोबा धावत बाहेर आले, आग लागली म्हणून.

मावशीने लॅपटॉप सातमध्ये आणला, बाईंनी शांतपणे भिंग उचललं. आता पिन एरवी एक सांगत होती आणि बटण दाबल्यावर शून्य. प्रोग्राम मात्र अजून एक आला की घंटी वाजवत होता. "उलटं वाचतेस," पाटीवर उमटलं. मावशीने एकाच्या जागी शून्य टाइप केलं, प्रोग्राम पुन्हा बोर्डात भरला. सगळं चिडीचूप झालं.

सोमवारी दोन माणसं खाट उचलायला आली. मागून साहेब आणि वायरमन. मावशी दारात आडवी उभी राहिली.

"आधी चाचणी. लाव रे ट्यूब."

वायरमनने लावली. काही वाजलं नाही.

"पंखा. सगळे पंखे. आता पाण्याचा पंप."

पंप घरघरला. घंटी गप्प.

"गप्प राहायला काय लागतं," वायरमन म्हणाला. "बंद पडली असेल."

मावशीने बाईंकडे पाहून मान हलवली. बाईंनी बटण दाबलं. खालून घंटी अशी खणखणली, की आयांच्या खोलीतली नवी मुलगी जिन्यावरून धापा टाकत वर आली. "सातमध्ये कोण पडलं?"

"कुणी नाही," मावशी म्हणाली. "साहेब उभे आहेत ते बघ."

साहेबांनी घसा साफ केला. "शुक्रवारी मग काय बिघडलं होतं?"

"काही बिघडलं नव्हतं. पिन हलक्या कानाची होती. शेजारचा जे सांगेल ते खरं मानायची, स्वतः विचारायची नाही. तिला आधार दिला, सुधारली. माणसांनाही देता येतो साहेब, पण त्यांना आधी आपला कान हलका आहे हे कबूल करावं लागतं."

वायरमन छताकडे बघू लागला. साहेबांचे कान लाल झाले. रागावले असते तर मावशी तयारच होती, तिची चार वाक्यं अजून शिल्लक होती. पण साहेब स्वतःच सातच्या खाटेपाशी गेले, बटण दाबलं, खालून आलेला आवाज ऐकला आणि पुन्हा एकदा दाबलं.

"खाट राहू द्या," ते त्या दोन माणसांना म्हणाले. मग मावशीकडे न बघता, "न्हाणीघरातही एकेक बटण बसेल का?"

"बसेल. पण वायर तुमचा वायरमन ओढेल आणि मी सांगेन तशी ओढेल."

त्या दिवशी चार वाजेपर्यंत घंटी एकतीस वेळा वाजली. पाच नंबरला उशी हवी होती, दोन नंबरला उशी नको होती, अकरा नंबरच्या आजींना आज वार कोणता ते विचारायचं होतं. चारच्या आजोबांनी तर उघडच सांगितलं, की वर्षभराची भरपाई चालली आहे. मावशीचे गुडघे बोंबलत होते. बत्तिसाव्यांदा घंटी वाजली तेव्हा ती सगळ्या मजल्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत, छाती पुढे काढून, पुन्हा जिना चढायला लागली.