नख रुतलं पाहिजे

मित्रांनो, मी एक जुना टायर आहे. आज मी भाईंदरजवळच्या राई गावच्या खाडीत रघू कोळ्याच्या होडीला दोरीने बांधलेला आहे. पण सात वर्षं मी गुणवंतच्या लाल गाडीचा मागचा डावा टायर होतो.

माझा जन्म कारखान्यातल्या गरम साच्यात झाला. तिथेच माझ्या कडेवर चार आकडे उमटले, १५१८. म्हणजे दोन हजार अठरा सालचा पंधरावा आठवडा. माझं रबर मऊ होतं. मऊ रबर रस्ता घट्ट धरतं आणि लवकर झिजतं.

गुणवंतच्या घरची पूर्वी मिठागरं होती. त्याने मात्र राईत गॅरेज टाकलं. एक जुनी, दोन दारांची स्पोर्ट्स कार घेऊन त्याने तिला टर्बो बसवला. गाडीची ताकद जवळजवळ दुप्पट झाली. जुने टायर वळणावर सरकू लागले, तेव्हा तो बायकोला, हेमांगीला, घेऊन भाईंदरला विपुलभाईंच्या दुकानात आला.

त्याला माझ्या शेजारचे टायर आवडले. ते माझ्याहून रुंद होते आणि कडेवर पांढरी अक्षरं होती.

“पन्नास हजार किलोमीटर आरामात,” विपुलभाई म्हणाले.

हेमांगीने त्या टायरवर अंगठ्याचं नख दाबलं. मग माझ्यावर दाबलं.

“भाभी, ये दूधी नहीं है,” विपुलभाई हसले.

“दुधीच समजा. नख रुतत नाही तो जून.” मग ती गुणवंतकडे वळली. “अहो, हे घ्या.”

“अगं, हे दोन वर्षांत झिजतील.”

“झिजू देत. मी पण त्याच गाडीत बसते. मला घरी यायचंय.”

विपुलभाईंनी हसणं आवरलं. “गुणवंतभाई, भाभी बराबर बोलतायत. एवढ्या ताकदीला नरम रबरच पाहिजे.”

घरी आल्यावर तिने आम्हा चौघांखाली एकेक लिंबू ठेवलं. गाडी पुढे गेली, लिंबं फुटली. माझ्यावर तिच्या नखाची बारीक खूण होती. ती दोन दिवसांत पुसली गेली.

ती वर्षं चांगली होती. गाडी फक्त रविवारी निघायची. ठाण्याच्या वाटेवर, वरसाव्याच्या वळणावर मी रस्ता असा धरायचो की गुणवंत प्रत्येक वेळी म्हणायचा, “बघ, हललीसुद्धा नाही.” हेमांगी डावीकडे, माझ्याच बाजूला बसायची. “माहितेय. टायर मी निवडलेत,” असं ती म्हणायची.

मग हेमांगी आजारी पडली. आठ महिन्यांत गेली.

गाडी शेडमध्ये उभी राहिली. महिना महिना ती हलायची नाही. पण दर रविवारी गुणवंत फडकं आणि खोबरेल तेल घेऊन यायचा. ती हेमांगीची केसांच्या तेलाची बाटली होती. संपली की तो तसलीच दुसरी आणायचा. तो आम्हाला चोळून काळेभोर करायचा. तिने नख दाबलं होतं तिथे त्याचा हात जास्त वेळ थांबायचा. टायरला तेल लावू नये, त्याने रबर खराब होतं, हे गॅरेजवाल्याला माहीत नव्हतं असं नाही. दुसऱ्यांना तो तसं सांगायचा.

विपुलभाई एकदा म्हणाले, “गुणवंतभाई, नक्षी दिसते, पण रबर मेलंय. बदला.”

“तिनं निवडलेत,” एवढंच तो म्हणाला.

मी आतून दगड होत चाललो होतो. मला ते कळत होतं, पण सांगता येत नव्हतं.

हेमांगीच्या तिसऱ्या वर्षश्राद्धानंतर तो आणि कॉलेजात जाणारी मुलगी सान्वी ठाण्याला मंदामावशीकडे निघाले. सान्वी आईच्या जागी बसली. वरसाव्याच्या वळणावर टँकरमधलं पाणी सांडलं होतं. मी रस्ता धरायला गेलो आणि धरता आला नाही. गाडी मागून फिरली, तिचं तोंड उलटं झालं आणि ती दुभाजकापासून हातभर अंतरावर थांबली. सान्वीचं दार दुभाजकाच्या बाजूला होतं.

गुणवंतने कशीबशी गाडी कडेला घेतली. सान्वी उतरली, माझ्यासमोर बसली आणि तिने नख दाबलं. मग बोट नाकाशी नेलं.

“बाबा, हे खोबरेल आहे?”

तो उतरून तिच्या मागे येऊन उभा राहिला. तिने पुन्हा दाबून पाहिलं.

“नख रुतत नाहीये.”

“आईनं निवडलेत ते.”

“आईनं निवडलेला दुधी सात वर्षं ठेवला असतात का?”

गुणवंत खाली बसला. गाडी थांबली होती ती जागा आणि दुभाजक यांच्यामधलं ते हातभर अंतर तो बघत होता.

ठाणं राहिलं. हळूहळू गाडी विपुलभाईंकडे नेली. नवे टायर समोर आले. गुणवंतने अंगठा टेकवला, पण गॅरेजच्या कामाने त्याची नखं झिजलेली.

“सान्वी, तू दाब.”

तिने दाबलं. नख रुतलं.

संध्याकाळी त्यांच्या दारात चार लिंबं फुटली. घरी परत आणलेला मी भिंतीला टेकून बघत होतो. गुणवंत माझ्याजवळ आला, त्या जागेवरून हात फिरवला. हातात फडकं नव्हतं. मग त्याने रघूला हाक मारली.

रघूने मला ठोकून पाहिलं. “कडक हाय. होडीला असाच लागतो.”

आता होडी धक्क्याला लागली की मधला मार मी घेतो. कडक असलो तरी इथे चालतं.

मित्रांनो, आम्हाला तेल लावून जपू नका. आमच्या कडेवरचे चार आकडे वाचा, नख दाबून बघा, आणि वेळ झाली की उतरवा. आम्ही रागावत नाही. हेमांगीने मला ठेवायला आणलं नव्हतं, घरी पोहोचायला आणलं होतं.

रविवारी सकाळी खाडीकाठच्या रस्त्याने लाल गाडी जाते. डावीकडे सान्वी असते. दुपारी ती दोघं परत येतात. मी तेवढं बघतो.