टरफलांचा हौद

पारितोषिक मिळालं असतं तर ताईच्या पदरात तीन गोष्टी पडल्या असत्या. एक, चौकटीतलं मानपत्र. दोन, शेतकी शाळेत वर्षभर शिकवायची नोकरी. तीन, नोकरीबरोबरचं दोन खोल्यांचं घर, ज्याची किल्ली फक्त तिच्याकडे राहिली असती. पहिल्या दोन गोष्टींबद्दल ती अवाक्षर काढायची नाही. तिसरीबद्दल माझ्या बेकरीत पाव घेता घेता एकदा बोलून गेली, "खिडकी कुठल्या बाजूला असेल हो?" बावन्न वर्षांची बाई, पण भावाच्या घरात पंखासुद्धा भावजयीची मर्जी पाहून लावायची. मी म्हटलं, "पूर्वेला मागून घ्या."

शेतीत आणि खाण्यापिण्याच्या धंद्यात काही नवं शोधून माती-पाणी राखणाऱ्याला हे पारितोषिक मिळायचं. ताईने ते राखलं होतं, याला मी साक्षीदार.

तिच्या धाकट्या भावाची डेअरी ओढ्याकाठी. चीज काढल्यावर उरणारं आंबट पाणी वर्षानुवर्षं ओढ्यात जायचं. मासे उलटे तरंगायला लागले तेव्हा तपासनीस आला आणि कुलूप लावायची भाषा करून गेला. धाकट्याने कपाळाला हात लावला, ताईने कुदळ उचलली. डेअरीमागे तीन हौद खणून घेतले, खडी भरली, वर ओढ्याकाठचं उंच पाणकणीस लावलं, म्हणजे पाणी मुळांतून गाळलं जाऊन पुढे जाईल. पाणकणीस दोनदा पिवळं पडून मेलं. मग एका सकाळी ती माझ्या दारात.

"अंड्याची टरफलं कुठे टाकता?"

"का? आमलेट करायचं राहून गेलं वाटतं?"

"चेष्टा पुरे. रोज एक पोतं पाठवा."

पहिल्या हौदातल्या टरफलांनी पाण्याचा आंबटपणा मारला, पाणकणीस तगलं, आणि तिसऱ्या वर्षी ओढ्यात बोटभर मासे दिसले. ताई गुडघाभर चिखलात उभी राहून रडत होती, आणि रडता रडता मला झापत होती, कालचं पोतं अर्धंच भरलं होतं म्हणून.

परीक्षक आले त्या दिवशीही ती चिखलातच होती. परक्या माणसांपुढे तिची जीभ टाळ्याला चिकटते. म्हणून तिनेच धाकट्याकडून सगळं घोकवून घेतलं, "तू बोल, मी आत उतरून दाखवते." काठावर इस्त्रीच्या शर्टातला माणूस बोलतोय, हौदात एक बाई राबतेय. परीक्षकांनी पाहिलं ते हे.

समारंभात धाकट्याचं नाव पुकारलं तेव्हा ताई खुर्चीतून अर्धी उठलेली होती. खाली बसत माझ्या कानाशी म्हणाली, "सवयीने मालकाचं नाव वाचलं असेल." टाळ्याही वाजवल्या. कार्यक्रम संपल्यावर मला ओढतच संयोजक बाईंच्या टेबलाशी नेलं.

"बाई, नाव चुकलंय."

बाईंनी फाइल उघडली. 'शोध कोणाचा' या रकान्यात भावाचं नाव होतं. खाली 'वरील माहिती खरी असल्याची साक्ष', आणि तिथे ताईची सही. सहीशेजारी पेन्सिलीची पुसट फुली.

डेअरीत कागदांची रीतच ती. धाकट्याने फॉर्म भरायचे, सहीच्या जागी फुली मारायची, गठ्ठा पुढे सरकवायचा. ताईने दुधाच्या कॅनला टेकून फुली दिसेल तिथे सही ठोकायची. वीस वर्षांत तिने एक कागद वाचला नव्हता. भावाचे कागद कोण वाचतं?

"सही तुमचीच ना?" बाईंनी विचारलं.

"माझीच." मग माझ्याकडे वळून, "तुम्ही सांगा ना यांना, टरफलं कोणी मागितली होती?"

इथे माझा हिशेब आला. बेकरीला लागणारं लोणी धाकटा मला स्वस्तात घालतो. मी म्हणालो, "पोती डेअरीत जायची, एवढं खरं."

ताईने मान हलवली. भाव परवडला नाही की गिऱ्हाईक हलवतं, तशी.

तेवढ्यात धाकटा मानपत्र छातीशी धरून आला. "अगं ताई, घरातच आलं ना?"

"फुली तू मारलीस."

"मालकाचं नाव असलं की वजन पडतं. आणि तुझ्या तोंडून चारचौघांत शब्द फुटतो का, सांग बरं?"

"शिकवायला कोण जाणार?"

"आम्ही दोघं जाऊ. डेअरीला तू आहेस म्हणून तर निर्धास्त! तुझ्याशिवाय आहे कोण मला?" हे तो अगदी मनापासून बोलला. "घर छान आहे गं. खिडकी पूर्वेला."

"तुला काय माहीत?"

"मागच्या महिन्यात पाहून आलो," तो म्हणाला, आणि मग त्याच्या लक्षात आलं आपण काय बोललो ते.

तो बायकोला घेऊन शाळेवर राहायला गेला. शाळेचा पहिला दिवस, अकराच्या सुमारास डेअरीत फोन वाजला. मी लोणी न्यायला आलो होतो. पलीकडून धाकटा कुजबुजत होता, "ताई, पाणकणीस पिवळं का पडतं ते पटकन सांग. पोरं विचारतायत." ताईने फोन ठेवून दिला.

"बरं केलंत," मी म्हणालो.

"तुम्ही नका बोलू."

तिने ओटा पुसला. पुसलेला ओटा पुन्हा पुसला. "तो देईल काहीतरी ठोकून. पोरं गावी जाऊन तेच करतील. मग मरतील कुणाच्या तरी ओढ्यातले मासे." तिने फोन उचलून नंबर फिरवला. "लिहून घे. पाणी आंबट झालं की मुळं जळतात..."

वर्षाअखेरचा ताळेबंद असा: धाकट्याला मान, पगार आणि सकाळचं ऊन. भावजयीला नणंदेवाचून संसार. शाळेतल्या पोरांना बिनचूक उत्तरं, आणि त्यांच्यापैकी नऊ जणांच्या गावी टरफलांचे हौद. मला लोणी जुन्याच भावात. या सगळ्याची किंमत ताईने एकटीने भरली, रोज अकरा वाजता फोनवर, हातातलं काम टाकून, उभ्याने.